उज्जीवन सभेतले इतिहासाचे दाखले कसे तपासावेत

जालना, बीड, नांदेडकडच्या ख्रिस्ती उज्जीवन (आध्यात्मिक जागृती) सभांमध्ये माणसे खाली पडली की व्यासपीठावरून हमखास ऐकू येते, ‘एडवर्ड्सच्या काळीही असंच झालं होतं!’ हा एडवर्ड्स म्हणजे अठराव्या शतकातला अमेरिकी धर्मोपदेशक. दाखला ऐकताच वहीत तीन गोष्टी टिपा: नाव, साल, ठिकाण. यातली एकही नसेल तर पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) तिथेच विचारा.

मग मूळ लेखन काढा. सगळ्यात मोठी गफलत इथेच होते: वाक्य उचलतात, पुढचे गाळतात. जोनाथन एडवर्ड्सने 1741 मध्ये येल येथे केलेले भाषण पाहा. रडणे, थरथरणे, कोसळणे यांवरून काम देवाचे आहे की नाही, दोन्ही ठरत नाही, असे तो म्हणतो. खऱ्या कामाच्या 5 खुणा तो बायबलमधल्या 1 योहान 4 मधून देतो, आणि त्यांत शारीरिक खूण एकही नाही. शिवाय अन्यभाषांसारखी (न शिकलेल्या भाषेत बोलण्यासारखी) चमत्कारिक दाने पुन्हा मिळावीत, अशी त्याची अपेक्षा नव्हती. त्याला अन्यभाषांचा साक्षीदार करणे म्हणजे त्याच्या तोंडी खोटे घालणे.

पुढे क्रम पाहा. एडवर्ड्सच्या काळी लोक बहुतेक वेळा पापाच्या जाणिवेने कोसळत. आज कपाळावर हात ठेवून, मागे झेलणारे उभे करून पाडले जात असेल तर तुलना जुळत नाही.

उलट बाजूनेही प्रामाणिक राहा. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जागृतीनंतर अन्यभाषांच्या नोंदी आहेत. त्या लपवू नयेत. मात्र तिथला पश्चात्ताप आणि पापकबुलीही सांगायला लावा.

शेवटी 1 करिंथ 14:27-28 उघडा: अन्यभाषेत बोलायचे तर दोघांनी, फार तर तिघांनी, आणि अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहायचे.