अॅक्युपंक्चरची फी ठरवताना या चुका टाळा

अमळनेरात दवाखाना टाकला तेव्हा मी शेजारच्या दवाखान्याकडे बघून फी ठरवली. तिथे तपासणीचे २०० रुपये, म्हणून माझेही २००. पण तिथला रुग्ण दहा मिनिटांत बाहेर पडतो. माझा रुग्ण सुया लावून वीस-पंचवीस मिनिटं पडून असतो. आधीची विचारपूस, नंतर मोजून सुया काढणं धरलं की पाऊण तास जातो.

खर्च कधी कागदावर मांडलाच नव्हता. मांडला तेव्हा झोप उडाली. भाडं ७,०००, मदतनीस ताईंचा पगार ८,०००, वीज २,५००, कचरा उचलणं, फोन, दुरुस्ती मिळून २,५००. झाले २०,०००. महिन्याला १२५ सिटिंग, म्हणजे एकीवर १६० रुपये. सुया, कापूस, स्पिरिटचे ४० धरले की झाले पुरते २००. घरी न्यायला एक रुपया उरत नव्हता! घरखर्चाला ३०,००० लागतात, म्हणजे सिटिंगमागे आणखी २४०. तुमचे आकडे वेगळे असतील, पण मांडणी हीच ठेवा. पहिल्या भेटीला वेळ जास्त जातो, तिची फी वेगळी ठेवा.

चांगल्या महिन्यावर हिशेब बांधू नका

खान्देशात ही चूक फार महागात पडते. जूनमध्ये पेरणी, दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी. खांदे-कंबर सर्वात जास्त दुखतात ते याच दिवसांत, आणि दवाखाना रिकामा असतो तोही याच दिवसांत. "वेचणी व्हऊ द्या, मंग येसू," असं सांगून मावशी जातात. मे महिन्यात पारा ४५ कडे गेला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि कुलरचं बिल मात्र चढतं. म्हणून रजिस्टर काढा, बारा महिन्यांत प्रत्यक्ष झालेल्या सिटिंग मोजा आणि त्याला बाराने भागा. ठरलेल्या पण न झालेल्या वेळा त्यात धरू नका.

दहा सिटिंगचे आगाऊ घेतलेले पैसे ही कमाई नाही. मी त्यातून सुयांना हलका विजेचा प्रवाह देणारं स्टिम्युलेटर मशीन घेतलं. एका काकांना सहाव्या सिटिंगला बरं वाटलं, त्यांनी उरलेले पैसे मागितले, तेव्हा मला उसनवारी करावी लागली. आता ती रक्कम वेगळ्या खात्यात असते आणि सिटिंग झाली की तेवढीच काढतो. परतीचा नियम पावतीवर लिहिलेला असतो.

सुयांवर बचत अजिबात नको. निर्जंतुक सुई एकदाच वापरायची. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे ती पांढऱ्या अर्धपारदर्शक, भोक न पडणाऱ्या डब्यातच गेली पाहिजे. हा खर्च फीतच धरा. राज्याच्या अॅक्युपंक्चर परिषदेकडची नोंदणीही वार्षिक खर्चात लिहा.

सवलत द्या, पण तोंड बघून नको. मी महिन्याला दहा सिटिंग निम्म्या दरात ठेवतो.

रुग्ण तिसऱ्या सिटिंगनंतर येईनासे झाले तर लगेच फी उतरवू नका, आधी कारण विचारा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण बुडालेला रोज कोण भरून देणार? पारोळ्याकडच्या दोघी त्यामुळेच थांबल्या होत्या. आता बाजाराच्या दिवशी मी सकाळी सातलाच उघडतो. त्या सुया लावून घेतात, बाजार करतात आणि एकाच खेपेत घरी जातात.