पाखरांना दाणे घालताना

दाणे कोणते, यापेक्षा भांडे किती स्वच्छ, हे आधी पाहा. एकाच ताटलीत दहा पक्षी खातात, तिथेच शिटतात, आणि साल्मोनेलासारखे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात. म्हणून दिवसभरात संपतील इतकेच दाणे घाला. उरलेले संध्याकाळी उचला, नाहीतर रात्री उंदरांची चंगळ.

आठवड्यातून एकदा तरी हातमोजे घालून भांडे साबणाने घासा. कोपऱ्यात दाण्यांचा काळपट लगदा चिकटलेला असतो. तो जुन्या टूथब्रशने खरवडून काढा. मग 9 भाग पाण्यात 1 भाग ब्लीच मिसळून त्यात 10 मिनिटे बुडवा, खळखळून धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच भरा. ओल राहिली की बुरशी आलीच.

सूर्यफुलाच्या बिया बहुतेक दाणे टिपणाऱ्यांना चालतात. शेंगदाणे बिनमिठाचे हवेत. कुबट वास आला तर सरळ फेका, बुरशीतले अफ्लाटॉक्सिन नावाचे विष पक्ष्यांच्या जिवावर बेतते. पावाने नुसते पोट भरते, पोषण नाही.

भांडे झुडपापासून 2 मीटर लांब टांगा, म्हणजे मांजराला दबा धरता येत नाही. काचेच्या खिडकीपासून मात्र 1 मीटरच्या आत ठेवा: दचकून उडालेल्या पक्ष्याला वेग घ्यायला जागाच उरत नाही.

पाणी 3 ते 5 सेंटिमीटर खोल, रोज ताजे.

पिसे फुलवून सुस्त बसलेला, गिळता न येणारा पक्षी दिसला तर दाणापाणी किमान दोन आठवडे बंद. वाईट वाटते, पण गर्दी पांगणे गरजेचे असते.