आईसाठी फ्री डिश लावताना

पुण्यात डीडी फ्री डिश लावायची असेल तर दुकानात जाण्याआधी गच्चीवर जा आणि आग्नेयेला काय आहे ते बघा. ही सेवा जीसॅट-15 उपग्रहावरून येते. तो 93.5 अंश पूर्वेला आहे, आणि पुण्यातून आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 59 अंश वर येतो. मध्ये इमारत, टाकी किंवा झाड आलं तर कितीही चांगली डिश घेऊन उपयोग नाही. भिंत डिशपेक्षा 10 फूट उंच असेल तर किमान 8 फूट अंतर सोडा. झाडाचा अंदाज पावसाळ्यातला धरा. मे महिन्यात विरळ दिसणारी फांदी जुलैत ओल्या पानांनी गच्च भरते.

आमच्या एरंडवण्यातल्या गच्चीवरून पर्वती दिसते. तिच्याकडे तोंड करून किंचित उजवीकडे वळलं की दिशा मिळते. मोबाइलचं होकायंत्र वापरणार असाल तर लोखंडी जाळी आणि टाकीच्या स्टँडपासून लांब उभे राहा, नाहीतर काटा भरकटतो.

डिशचा पाईप ओळंब्यात हवा. तो जरा जरी कलला असेल तर पुढचे सगळे अंश चुकतात, म्हणून इथे वेळ घालवा. क्लॅम्पवर अंश कोरलेले असतील तर 59 वर ठेवा. तबकडी आकाशाकडे फार वर बघत नाही असं वाटेल. ऑफसेट डिश, म्हणजे जिचा सिग्नल पकडणारा भाग मधोमध नसून खालच्या बाजूला असतो ती, तशीच दिसते, तिला उगाच वर उचलू नका.

केबल आरजी-6 घ्या. कनेक्टर बसवताना केबलमधल्या बाहेरच्या जाळीचा एकही तंतू मधल्या तांब्याच्या तारेला लागता कामा नये. त्याच केबलमधून एलएनबीला, म्हणजे डिशच्या दांडीवरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला, वीज जाते, त्यामुळे जोडणी करताना सेट-टॉप बॉक्सचा प्लग काढून ठेवा. केबल खिडकीतून आत घेण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकेल, घरात येणार नाही.

आता खरं काम. मी गच्चीवर होते, भाऊ खाली टीव्हीसमोर फोन धरून. बॉक्सच्या मेनूमध्ये एलएनबी 9750/10600 निवडा आणि सिग्नलचं पान उघडा. तिथे दोन पट्ट्या असतात. ‘स्ट्रेंथ’ डिश कुठेही रोखली तरी बरीच भरते, कारण केबल आणि एलएनबी चालू आहेत एवढंच ती सांगते. बघायची ती ‘क्वालिटी’. डिश अगदी बोटभर सरकवा, थांबा, खालून आकडा ऐका, मग पुढे सरकवा. बॉक्सला सिग्नल पकडायला क्षणभर लागतो. घाईत डिश फिरवली तर बरोबर जागा हातून निसटते. आकडा सर्वात वर गेला की एलएनबी स्वतःभोवती थोडा फिरवून बघा, आणखी थोडा वाढतो. पावसाच्या जोरदार सरीत सिग्नल घटतोच, त्यामुळे कोरड्या दिवशी कमावलेला प्रत्येक आकडा तेव्हा कामी येतो. आईच्या सह्याद्रीवरच्या बातम्या अडू नयेत, म्हणून मी ‘चालतंय की’ म्हणून कुठेच थांबले नाही.

मग चॅनल शोधा, एचडीएमआय लावा. टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ मोड बंद करून ‘स्टँडर्ड’ ठेवा. चेहरे नैसर्गिक दिसतात.

नट घट्ट करताना एकेक थोडा थोडा आवळा आणि क्वालिटीवर नजर असू द्या. शेवटी क्लॅम्प आणि पाईप दोन्हींवरून जाईल अशी ऑइलपेंटची एक रेघ ओढा. वळिवाच्या वाऱ्याने डिश हलली तर रेघ तुटलेली दिसेल आणि ती कुठे परत आणायची ते लगेच कळेल.