बाइकचे इंजिन गरमच होत नाही: थर्मोस्टॅट, सेन्सर आणि कूलंट कसे तपासावे

नाशिकच्या द्वारका चौकाच्या कोंडीत टेम्परेचरचा काटा बरोबर मध्यावर असतो. ओझर मागे टाकून गाडी पिंपळगावकडे साठ-सत्तरने पळू लागली की तो खाली उतरतो. डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा एक आकडी होतो त्या दिवसांत, तर तो वर चढतच नाही. टेम्परेचरचा काटा असलेल्या लिक्विड-कूल्ड, म्हणजे द्रवाने थंड होणाऱ्या गाडीत हे दिसले की थर्मोस्टॅट उघडा अडकल्याचा संशय पहिला घ्यावा. फक्त हवेवर थंड होणाऱ्या गाडीला हा भागच नसतो.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाने चालणारी झडप. इंजिन थंड असताना ती बंद असते आणि कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, इंजिनातल्या इंजिनातच फिरते. मॉडेलप्रमाणे ७० ते ८५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे जाते. झडप उघडीच राहिली तर पहिल्या मिनिटापासून कूलंट रेडिएटरमधून फिरते. कोंडीत वारा नसल्यामुळे इंजिन कसेबसे तापते, हायवेवर वारा लागला की पुन्हा गार पडते.

‘गरम होत नाही, मग चांगलेच आहे की’ असे समजून गाडी तशीच चालवू नका. इंजिन थंड आहे असे कळत राहिल्यामुळे ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडते, प्लग काळा होतो. जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते. इंजिनातली वाफही उडून जात नाही. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ, साईसारखा थर दिसला तर तो बहुधा त्याच वाफेचा. हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि हेडमधले सील, गेल्याचा निष्कर्ष घाईने काढू नका. कूलंटची पातळी उतरत नसेल आणि डिपस्टिकवर किंवा काचेतून दिसणारे ऑइल स्वच्छ असेल, तर गॅस्केट बहुतेक ठीक आहे.

काहीही खोलण्याआधी एक गोष्ट नक्की करा: इंजिन खरेच थंड आहे, की फक्त काटा तसे सांगतो आहे? हा फरक जिवावरचा आहे. कूलंट कमी झाले किंवा हवा अडकली, तर तापमान मोजणाऱ्या सेन्सरचे टोक कूलंटऐवजी हवेत राहते. मग काटा खाली दाखवतो आणि आत इंजिन उकळत असते. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गार गाडीचे रेडिएटरचे झाकण उघडून पातळी पाहा. बाजूच्या रिझर्व्ह टाकीवर भरवसा ठेवू नका, रेडिएटर रिकामा असतानाही ती भरलेली असू शकते. गरम इंजिनावर हे झाकण कधीही उघडू नका.

पातळी बरोबर असेल तर हाताची परीक्षा. झाकण परत घट्ट लावून सकाळी गार गाडी सुरू करा आणि इंजिनाकडून रेडिएटरच्या वरच्या टोकाला येणारा होज पाइप धरा. पंख्यापासून आणि सायलेन्सरच्या पाइपापासून बोटे दूर ठेवा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर काही मिनिटे तो पाइप गारच राहतो आणि झडप उघडताच एकदम चटका बसण्याइतका तापतो. उघडी अडकलेली असेल तर पाइप सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत जातो, एकदम तापण्याचा क्षण येतच नाही. बहुतेक गाड्यांत झडप इंजिनातून बाहेर पडणाऱ्या बाजूला असते म्हणून वरचा पाइप पाहायचा. तुमच्या गाडीत ती कुठे आहे ते एकदा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर चकचकीत ॲल्युमिनियमवर तो चुकीचा आकडा दाखवतो. थर्मोस्टॅटच्या घरावर, म्हणजे तो ज्या कवचात बसतो त्यावर, काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा. घर ८० अंशांच्या आसपास आणि काटा तळाला, असे निघाले तर दोष सेन्सरचा किंवा वायरिंगचा. हा सेन्सर तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. बऱ्याच सेन्सरांत तो २० अंशांना सुमारे २ ते २.५ किलो-ओम आणि ८० अंशांना ३०० ओमच्या आसपास असतो. अचूक आकडा मॅन्युअलमधलाच धरा. प्रेशरने धुतल्यावर कनेक्टरमध्ये पाणी शिरून हिरवट गंज चढतो, रेझिस्टन्स वाढतो आणि ईसीयूला इंजिन आहे त्यापेक्षा थंड वाटते. तेव्हा नवा सेन्सर घेण्याआधी कनेक्टर काढून साफ करा.

पंखा सतत फिरतो म्हणून इंजिन गरम होत नाही, हे गॅरेजमध्ये बरेचदा ऐकायला मिळते. झडप बंद असेल तर कूलंट रेडिएटरकडे जातच नाही, मग नुसत्या पंख्याने इंजिन गार राहणार कसे? अडकलेला रिले (पंखा चालू-बंद करणारा स्विच) बदलायलाच हवा, पण तो वेगळा बिघाड आहे. वॉटर पंप बिघडला तर इंजिन उलट जास्त तापते.

जुनी गाडी घेतली असेल तर आणखी एक शक्यता आहे: आत थर्मोस्टॅटच नसणे. एप्रिल-मेमध्ये गाडी तापते म्हणून तो काढून फेकण्याचा उपाय सर्रास केला जातो. हा उपाय चुकीचा आहे. तापण्याचे खरे कारण, म्हणजे चिखलाने बुजलेला रेडिएटर, सैल झाकण किंवा बंद पडलेला पंखा, तसेच राहते आणि हिवाळ्यात ही नवी तक्रार सुरू होते.

आता खोलायचे. इंजिन पूर्ण गार असताना ड्रेन बोल्ट काढून कूलंट टबमध्ये घ्या आणि लगेच झाका. ते चवीला गोड आणि विषारी असते, कुत्री-मांजरे चाटतात. घराचे बोल्ट काढून थर्मोस्टॅट बाहेर घ्या. झडपेत फट दिसली, तर निकाल तिथेच लागला. बाजूचे बारीक भोक मात्र हवा जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेले असते.

झडप बंद दिसत असेल तर जुन्या पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका. दोऱ्याचे टोक झडपेच्या फटीतच दाबून बसवले तर ती उघडताच थर्मोस्टॅट सुटून खाली पडतो, क्षण चुकत नाही. शेजारी १०० अंशांपर्यंतचा थर्मामीटर धरा आणि पाणी सावकाश तापवा. बऱ्याच थर्मोस्टॅटवर उघडण्याचा आकडा कोरलेला असतो. त्याच्या बराच आधी उघडला किंवा गार झाल्यावर पूर्ण मिटला नाही, तर बदला. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांजवळच उकळते. या चाचणीला तेवढे पुरते.

नवा बसवताना हवेचे भोक वरच्या बाजूला ठेवा. ओ-रिंग आणि ड्रेन बोल्टचा वॉशर नवाच घाला. घराचे ६ एमएमचे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरला बसतात. जोर लावलात तर ॲल्युमिनियमचे आटे जातील. कूलंट तयार मिश्रणाचे घ्या, किंवा कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात मिसळा. बोअरचे पाणी नको, त्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. अशा गाड्यांत साधारण १ ते १.५ लिटर मावते.

हवा काढण्याचे काम घाईत उरकू नका. रेडिएटर काठोकाठ भरा, झाकण उघडेच ठेवून गार इंजिन आयडलवर सुरू करा, गाडी डावी-उजवीकडे हलवा, होज दाबा. बुडबुडे येतील तशी पातळी उतरेल, तेवढे कूलंट भरत राहा. कूलंट उसळायच्या आत झाकण लावा. मग पंखा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पातळी पुन्हा पाहा.

त्यानंतर पहाटेच्या गारव्यात आडगावच्या पुढे हायवेला वीसेक किलोमीटर चालवून बघा. काटा मध्यावर टिकायला हवा. कसारा घाट उतरताना तो थोडा खाली येतो, कारण इंजिनावर भार नसतो. खालच्या सपाटीवर लगेच सावरला तर काळजी नको. गाडी कित्येक महिने थंड चालली असेल तर ऑइल आणि फिल्टर याच वेळी बदला. प्लग काढून पाहा, काजळी ब्रशने निघत नसेल तर नवा घाला.