रात्री गावाला निघताय? गाडी चालवताना झोप आली तर कुठे आणि कसं थांबावं

ठाणे-नवी मुंबईतून कोकणात जाणाऱ्यांचा बेत ठरलेला असतो. ऑफिसातून यायचं, जेवायचं, बॅगा भरायच्या आणि रात्री अकराला निघायचं, म्हणजे रस्ता मोकळा मिळतो. मिळतोही. पण सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला १७ तास जागा असतो. एवढ्या जागरणाने हातापायांची चपळाई आणि नजर साधारण तितकीच मंदावते, जितकी रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम दारू असताना मंदावते. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. दारूचा थेंबही न घेतलेला माणूस त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत घरातून निघतो, आणि पोलिसांच्या यंत्रात हे दिसत नाही.

निघण्याआधी

लवकर जेवा, नऊला झोपा, पहाटे साडेचार-पाचला निघा. पनवेल-पळस्पेला गर्दी लागली तर लागू द्या. शरीराला झोप सर्वांत जास्त ओढते ती रात्री दोन ते पहाटे सहा या वेळात, आणि दुसऱ्यांदा दुपारी दोन ते चार. गावाहून रविवारी भरपेट जेवून लगेच परत निघणारे या दुसऱ्या वेळेत सापडतात.

सर्दीची किंवा अॅलर्जीची गोळी घेतली असेल तर त्या दिवशी गाडी दुसऱ्याने चालवावी. सेट्रिझिनने अनेकांना पेंग येते. घाटात उलटी होऊ नये म्हणून घेतात त्या प्रोमेथाझिनने तर हमखास.

वाटेत

दर दोन तासांनी थांबा, कंटाळा आलेला असो वा नसो. समृद्धी महामार्गावर तर हे घड्याळ लावून करा. भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर, मैदानी भागात मोटारींना ताशी १२० ची मर्यादा, ना सिग्नल, ना गाव. करण्यासारखं काही नसलं की मेंदू आपोआप मिटू लागतो. एसी आतली हवा फिरवण्यावर ठेवू नका, बाहेरची हवा येऊ द्या. चार माणसं बसलेली बंद गाडी लवकर कोंदते.

खरी अडचण: थांबायचं कधी

इथेच बहुतेक जण चुकतात. मान खाली पडली की थांबू, असं मनाशी ठरवलेलं असतं. मान पडते तेव्हा उशीर झालेला असतो. त्याच्या कितीतरी आधी मागचे चार-पाच किलोमीटर आठवेनासे होतात, वळायचा फाटा सुटतो, वेग कारण नसताना कमीजास्त होतो, चाक पांढऱ्या पट्टीवर चढतं. यातलं एक जरी घडलं तरी थांबायचं ठरलं म्हणून समजा. डोळे उघडे असतानाही मेंदू तीन-चार सेकंद झोपू शकतो. ताशी १०० च्या वेगाने चार सेकंदांत गाडी ११० मीटर पुढे गेलेली असते, आणि झोपलेला माणूस ब्रेक दाबत नाही.

काच खाली करा, गाणी मोठ्याने लावा, तोंडावर पाणी मारा, तंबाखू चोळा, हिरवी मिरची चावा: हे सल्ले देणं आता बंद करा. त्यातून काही मिनिटं हुशारी वाटते, झोप जात नाही. थांबायची जागा येईपर्यंत काच खाली ठेवा, शेजारच्याला बोलतं ठेवा, पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा. त्यापलीकडे या उपायांवर भिस्त नको.

कडेला, विशेषतः एक्स्प्रेसवेच्या कडेला, गाडी लावून झोपू नका. मागून येणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हरही पेंगत असू शकतो. पेट्रोल पंप, फूड मॉल, धाब्याचं आवार, असं उजेडाचं आणि माणसांचं ठिकाण बघा.

वीस मिनिटांची झोप

आधी एक कप कडक कॉफी पटकन प्या. कटिंग चहा पुरत नाही. कॉफीचा परिणाम व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढ्यात झोप उरकते आणि दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. इंजिन पूर्ण बंद करा. एसीसाठी चालू ठेवून झोपलात तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो, आणि त्याला वास नसतो. काचा दोन बोटं उघड्या ठेवा, हँडब्रेक ओढा, सीट मागे पाडा, डोळ्यांवर रुमाल घ्या. गजर २५ मिनिटांचा, फोन हात पोहोचणार नाही असा ठेवा. अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं आणखी जड होतं. झोप लागली नाही तरी डोळे मिटून पडा, तेवढ्यानेही फरक पडतो.

उठल्याबरोबर किल्ली फिरवू नका. दहा-पंधरा मिनिटं चाला, लघवीला जाऊन या, मग निघा.

या झोपेवर फार तर तास-दोन तास निभावतात. ती एकदाच चालते. पुन्हा पेंग आली तर दुसरी कॉफी नको. गाडी दुसऱ्याच्या हाती द्या, नाहीतर लॉज बघून पाच-सहा तास झोपा. बाइकवाल्यांनाही हेच लागू. तोंडावर वारा लागतो म्हणून झोप येत नाही, असं नसतं.

परतीला पनवेल आलं की 'आता आलंच घर' म्हणून मन सैल पडतं. पुढे ठाण्यापर्यंत शीळफाटा, मुंब्रा बायपास आणि कंटेनर असतात. पळस्पेला डोळे मिटत असतील आणि चालवणारं दुसरं कोणी नसेल, तर गाडी पनवेल स्टेशनच्या पार्किंगला लावा आणि ठाण्याची लोकल धरा. गाडी संध्याकाळी येऊन नेता येते.