“कळलं ना?” विचारू नका: औषध समजावताना या चुका टाळा

गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारात औषधांच्या दुकानात उभी राहून मला बावीस वर्षं झाली. दरवर्षी डी. फार्म., म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, झालेली नवी मुलं शिकायला येतात. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ त्यांना तोंडपाठ. रुग्णाला औषध नीट समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कामच आहे, असं त्यात लिहिलंय हेही पाठ. आणि काउंटरवर पहिल्याच दिवशी काय, तर “एक सकाळी, एक रात्री, जेवणानंतर. कळलं ना?” समोरची आजी मान डोलावते, मुलगा पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

“कळलं ना?” या प्रश्नाला आपल्याकडे “नाही” म्हणायची पद्धत नाही. मास्तरांसमोर लागलेली सवय ती. त्यात मागे चारजण ताटकळलेले, बाहेर गावची बस सुटायला आलेली. मी विचारते, “आता घरी जाऊन सुनेला काय सांगणार, ते मला सांगा बघू.” निम्म्या वेळा भलतंच ऐकू येतं. अर्धं मिनिट जास्त जातं, जाऊ दे.

ही सवय मला एका भाजीवाल्या बाईंमुळे लागली. पन्नाशीच्या, संधिवाताने बोटं वाकलेली. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट साडेसात मिलिग्रॅम लिहून दिलं होतं, आठवड्यातून एकच गोळी. बाकीचे दिवस फॉलिक अ‍ॅसिड. दोन्ही गोळ्या बारीक, दोन्ही पिवळ्या. मीच समजावलं, पट्टीवर बोट ठेवून: “ही आठवड्यातून एकदा, ही रोज.” बाई हो म्हणाल्या. मीही समाधानाने पुढचं बिल करायला घेतलं. पण “ही” आणि “ती” काउंटरपुरत्याच असतात. घरी पिशवी उपडी केल्यावर कुठली ही आणि कुठली ती?

आठवड्याभराने त्यांचा मुलगा आला. “आईचं तोंड आलंय, काहीतरी लावायला द्या.” मी जेवायला गेले होते. आमच्या दुकानातल्या पोराने तोंडाला लावायचं जेल दिलं, वर बी-कॉम्प्लेक्सची पट्टी. दोन दिवसांनी मुलगा परत आला, या वेळी मी समोर होते. म्हणाला, पेजसुद्धा गिळवत नाही तिला. म्हटलं, घरात चालू असतील तेवढ्या सगळ्या गोळ्या घेऊन ये. त्याने पट्टी समोर ठेवली आणि माझ्याच घशाला कोरड पडली. दहा गोळ्यांची ती पट्टी दोन महिन्यांहून जास्त पुरायला हवी होती. तिच्यात एकच गोळी शिल्लक होती. आठवड्याची गोळी रोज, रोजची आठवड्याला.

पट्टी हातात देऊन बाईंना तडक बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप उतरल्या होत्या. वेळेत पोचल्या, ल्युकोव्होरिन हा त्यावरचा उतारा मिळाला, पंधरा दिवसांनी घरी आल्या. आजही माझ्याकडूनच औषध नेतात. मला अजून त्यांच्याकडे बघून ओशाळायला होतं.

तेव्हापासून मेथोट्रेक्सेटची अख्खी पट्टी मी कुणाला देत नाही. महिन्याच्या चारच गोळ्या, वेगळ्या पाकिटात, त्यावर मार्करने एकच शब्द: “शुक्रवार”. म्हापशाच्या बाजाराचा दिवस इथे कुणी विसरत नाही. अर्थात डॉक्टरांनी दुसरा वार लिहिला असेल तर तोच. आणि कुणी तोंड आल्याचं सांगत आलं, की जेलच्या कपाटाकडे वळायच्या आधी कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारायचं. आमच्या पोराला मी हे इतक्यांदा ऐकवलंय की तो आता माझ्या आवाजात नक्कल करतो. करू दे.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे “जेवणाआधी” आणि “जेवणानंतर”. कुणाच्या जेवणाच्या? आमच्याकडे गावात सकाळी सातला चहा-पाव, अकराच्या सुमाराला पेज, दुपारी दोनला शीत-कडी, रात्रीचं जेवण नऊ-दहाला. चिठ्ठीवर मात्र तीनच खाने. साखरेच्या एका आजोबांना ग्लिमेपिराइड, म्हणजे साखर उतरवणारी गोळी, नाश्त्याआधी घ्यायला सांगितलेलं. ते सातच्या चहाआधी प्रामाणिकपणे घ्यायचे, पाव आवडत नाही म्हणून नुसता चहा, मग थेट अकराची पेज. दहाला दरदरून घाम, हातपाय थरथर. घरच्यांना वाटलं, म्हातारपण. उतरलेली असायची साखर. म्हणून मी आधी विचारते, “सकाळचं पहिलं पोटभर खाणं किती वाजता?” त्यांचं घड्याळ कळलं की गोळी कुठे बसवायची ते डॉक्टरांना विचारून ठरवता येतं. सोमवार किंवा एकादशी करणाऱ्यांना, उपासाच्या दिवशी या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, हेही सांगायचं. चक्कर येऊन पडल्यावर नको.

थायरॉइडची गोळी त्या मानाने सोपी. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकू आला की घ्यायची, साध्या पाण्याबरोबर, आणि चहा अर्ध्या तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. “रिकाम्या पोटी” म्हणजे चहासुद्धा नको, हे लोकांना सुचतच नाही.

रोटाकॅप, म्हणजे दम्याची यंत्रातून श्वासाने ओढायची कॅप्सूल, पाण्याबरोबर गिळणारे लोक अजून आहेत. यंत्र उघडून, कॅप्सूल घालून, त्यांना तुमच्यासमोर श्वास ओढायला लावा. स्टेरॉइडचं असेल तर नंतर चूळ भरायला सांगा.

पोरांच्या ड्राय सिरपला उकळून गार केलेलं पाणी, बाटलीवरच्या खुणेपर्यंत. पावडर आधी हलवून सुटी करायची. घरचा चमचा नको, झाकणाचं माप.

इन्सुलिनचा नियम एकच, आणि त्यात घाई चालत नाही. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या (म्हणजे दर मिलिलिटरला ४०) बाटलीसाठी, केशरी टोपणाची १०० च्या. १०० ची बाटली लाल सिरिंजने ओढली, तर २० च्या खुणेवर ५० युनिट अंगात जातात. बाटली आणि सिरिंज दोन्ही शेजारी ठेवून बघितल्याशिवाय मी देत नाही, मग गिऱ्हाईक कितीही कुरकुरो.

पट्टी कापताना नाव आणि एक्स्पायरी असलेला तुकडा स्वतःकडे ठेवू नका. हे अजून सांगावं लागतं, याचाच संताप येतो.

अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. शेवटच्या गोळीची तारीख पाकिटावर लिहून टाकते.

राहिलं मेट्रोनिडाझोल, पोट बिघडल्यावर देतात ते. मार्च ते मे हे उर्राकाचे, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचे दिवस, आणि पोट बिघडायचेही. गोळ्या चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारू नाही, असं मी तोंडीही सांगते आणि लिहूनही देते. गेल्या मोसमात एका पात्रांवाला (शेठला) हे सांगितलं, “कळलं ना?” न विचारता परत म्हणायला लावलं. त्यांनी बिनचूक म्हटलं. “म्हणजे आज रात्री काय?” मी विचारलं. “हांव फेणी पियेना बाय,” ते म्हणाले, “उर्राक.” तेव्हापासून पाकिटावर मी दोन्ही नावं लिहिते, आणि खाली बिअरही.