पीआर कार्ड संपलंय आणि तुम्ही सांगलीत अडकलाय? अमेरिकेतून रस्त्याने कॅनडात परत कसं जायचं

सांगली-मिरजेत आता असं एखादं तरी घर सापडतंच, पोरगा नाहीतर पोरगी कॅनडात पीआर (म्हणजे पर्मनंट रेसिडेंट, तिथं कायम राहायचा हक्क असलेली), आई-बाबांच्या आजारपणासाठी आली, मिरजेच्या हॉस्पिटलच्या फेऱ्यांत मुक्काम लांबला आणि इथं असतानाच कार्डाची तारीख उलटून गेली. मग विमानात घेत नाहीत म्हटल्यावर घरात सगळ्यांची तोंडं उतरतात, पीआर गेली म्हणून. तसं काही नसतं. कार्ड बहुतेक ५ वर्षांचं असतं, पण ते संपलं म्हणून स्टेटस आपोआप जात नाही, ते जायला सरकारने रीतसर निर्णय घ्यावा लागतो किंवा तुम्ही स्वतः सोडून द्यावं लागतं.

खरा प्रश्न कार्डाचा नाहीच, दिवसांचा आहे. मागच्या ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहिलेलं असलं पाहिजे. तिकीट बघायच्या आधी एक वही घ्या, पासपोर्ट समोर ठेवा आणि प्रत्येक ट्रिपची जायची-यायची तारीख लिहून काढा. कॅनडात पाऊल ठेवलं तो दिवस धरतात, निघालात तो पण धरतात. शिक्का नसेल तर (एअरपोर्टवर मशीनवरून आलेल्यांना बऱ्याचदा नसतोच) जुन्या तिकिटांचे ईमेल शोधा. नवरा किंवा बायको कॅनडाची सिटिझन असेल आणि तुम्ही बाहेर एकत्र राहत असाल तर तेही दिवस धरता येतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आणि पीआर मिळून अजून ५ वर्षं झाली नसतील तर उरलेल्या काळात ७३० पुरे होऊ शकतात का तेवढंच बघायचं.

आता रस्त्याचंच का, तर विमान, बस, रेल्वे, बोट या सगळ्यांना तुमचं चालू पीआर कार्ड किंवा पीआरटीडी म्हणजे पीआरवाल्यांचं ट्रॅव्हल डॉक्युमेंट बघावंच लागतं. खासगी गाडीला ही अट नाही, मग ती स्वतःची असो, मित्राची असो नाहीतर भाड्याने घेतलेली. बॉर्डरवर तुम्ही पीआर आहात अशी ऑफिसरची खात्री पटली की तो तुम्हाला आत घेतो, कायद्यातच तसं आहे. म्हणून अमेरिकेत बॉर्डरजवळच्या बफेलोपर्यंत विमानाने जायचं आणि तिथून कुणीतरी कॅनडातनं गाडी घेऊन न्यायला यायचं, पीस ब्रिजवरून पलीकडं फोर्ट एरी. डेट्रॉइटहून विंडसर किंवा सिएटलकडून ब्लेनमार्गे सरे, हे पण चालतं. न्यायला येणारं कुणीच नसेल तर नायगाराच्या रेनबो ब्रिजवरून चालतही जाता येतं, आपल्या आयर्विन पुलावरून चालत गेल्यासारखं, फक्त पलीकडं ऑफिसर बसलेला असतो. मात्र तिकीट काढून न्यूयॉर्क-टोरांटो बसमध्ये बसायच्या भानगडीत पडू नका, तिथं परत कार्ड मागतील.

पण या सगळ्याला अमेरिकेचा व्हिसा लागतो आणि भारतीय पासपोर्टवर तो हवाच. पासपोर्टवर चालू बी१/बी२ म्हणजे अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा असेल तर तुमचं अर्धं काम झालं. नसेल तर मुंबईत बीकेसीला इंटरव्ह्यू, महालक्ष्मी पकडून सकाळी पोचा, मोबाईल आत नेता येत नाही तेव्हा सोबत कुणाला तरी घ्या. तारीख मिळायलाच महिने लागू शकतात, अशा वेळी मी म्हणेन सरळ पीआरटीडीच करा, ऑनलाइन अर्ज, फी ५० कॅनेडियन डॉलर, आणि मिळालं तर थेट टोरांटोचं विमान. फक्त त्यात तुमचे दिवस अर्जाच्या वेळीच तपासले जातात आणि नाकारलं तर ६० दिवसांत अपील करावं लागतं. दिवस कमी असणाऱ्यांना रस्त्याची वाट बरी वाटते ती यामुळेच. आणि कुणी एजंट म्हणाला की कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा काढून देतो, तर तिथून उठा, पीआर असणाऱ्याला तो मिळत नाही, आधी पीआर सोडायला लावतात.

अमेरिकेच्या ऑफिसरला पण खरंच सांगायचं, कॅनडात राहतो, कार्ड संपलंय, इथून गाडीने जाणार. न्यायला येणाऱ्याचा पत्ता आणि नंबर कागदावर लिहून ठेवा, फोनची बॅटरी ऐनवेळी जाते.

सोबत काय घ्यायचं: पासपोर्ट जुने-नवे दोन्ही, संपलेलं पीआर कार्ड (फेकू नका!), सीओपीआर म्हणजे पहिल्यांदा लँडिंग झालं तेव्हाचा कागद, कॅनडाचं लायसन्स, टॅक्सचे नोटिस ऑफ असेसमेंट, घरभाड्याचा करार. बाबांचे डिस्चार्ज पेपर, डॉक्टरांचं पत्र पण घ्या, विशेषतः दिवस कमी पडत असतील तर, आणि मराठीतले कागद असतील तर इंग्लिश भाषांतर करून घ्या.

कॅनडाच्या बॉर्डरवरच्या बूथवर असं होतं. ऑफिसर कार्ड उलटसुलट करून बघतो, हे एक्स्पायर झालंय म्हणतो, तुम्ही हो म्हणायचं. बाहेर किती दिवस होता, का होता, हे विचारतो. वहीतला आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं, पूर्ण रामायण सांगायचं नाही. खोटं तर अजिबात नाही, विमानाने देश सोडल्याची नोंदसुद्धा २०२० पासून त्यांच्याकडे असते.

दिवस भरत नसतील तर आत ऑफिसात बोलावून रिपोर्ट लिहू शकतात. तेव्हा आजारपणाचे कागद पुढं करा, मुलं असतील तर त्यांचं सांगा, माणुसकीच्या कारणांचा विचार त्यांना करावा लागतो. तरी देश सोडायचा आदेश निघालाच तर ३० दिवसांत अपील करता येतं आणि त्याचा निकाल लागेपर्यंत तुम्ही पीआरच असता. पीआर स्वखुशीने सोडतो असा फॉर्म पुढं आला तर दमलोय, उशीर झालाय म्हणून सही करून मोकळं होऊ नका, त्या सहीने सगळंच संपतं.

काही न लिहिता आत सोडलं आणि दिवस कमी असतील तर मात्र लगेच कार्ड रिन्यू करायला धावू नका, अर्ज केला की तीच मोजणी परत होते. कॅनडातच थांबायचं, बाहेर पाऊल टाकायचं नाही, ७३० भरले की मग अर्ज टाकायचा. ज्यांचे आधीच भरलेत त्यांनी पोचल्या आठवड्यातच करून टाका, कार्ड कॅनडातल्याच पत्त्यावर येतं, सांगलीला पाठवत नाहीत.